एकाच बाजूची चूक

कानातून काढलेली इअरबडची ती पांढरी गोळी तळहातावर पडल्यावरही बोलतच होती... मुंगीएवढ्या आवाजात, कुणी ऐकतंय की नाही याची फिकीर न करता. आठवणींवरचा पॉडकास्ट होता. आठवण म्हणजे कपाटात जपलेला फोटो नव्हे, दर वेळी नव्यानं केलेली भाजी, असं त्यातल्या बाई सांगत होत्या, आणि रुचिराला ते पटलंही होतं. मीठ कमीजास्त व्हायचंच. पण त्या आवाजाकडे ती बघत राहिली. असाच आवाज यायचा—ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून, आईचा.

मालिका संपली की आईचा फोन. साकीनाक्याच्या औषधं तपासणाऱ्या लॅबमधून रुचिरा नुकतीच मुलुंडला घरी पोचलेली असायची. फोन स्पीकरवर टाकायचा, कुकर लावायचा, अधूनमधून हं म्हणायचं. लग्नाआधी घाटकोपरच्या खोलीत दोघी मांडीला मांडी लावून ती मालिका बघायच्या—कुंदा नावाची विधवा आई, अक्षता नावाची तिची शिकलेली, तुसडी लेक. लग्नानंतर रुचिराचं बघणं सुटलं, तेव्हा आई रोजचा भाग तिच्या मालवणीत सांगू लागली. 'आई, सगळं ऑनलाइन असतं, बघेन मी सावकाश.' तरी ती सांगायचीच. मध्येच थांबायची. 'आयकतंस मां गो?' इकडून हं गेलं की पुढं.

"परत ती रडकी मालिका?" तिनं आज टीव्ही लावताच नवऱ्यानं, देवेशनं आतल्या खोलीतून विचारलं. "वाट लागली माझ्या रविवारची."

"दुपारभरच रे. मग तुझी मॅच."

"शेवट माहितीये ना तुला?"

"आईनं सांगितलाय."

"मग बघतेस काय?"

काय बघत होती? उशाशी शेवाळाविषयीचं एक पुस्तक होतं, शांत, छान. महिनाभर तिचे डोळे त्याच पानावरून घसरत होते. ओळखीचं काहीतरी हवं होतं, ज्यात पुढं काय होणार याची धास्ती नसते. आणि पडद्यावर तर भलतंच घडत होतं. कुंदा तापानं फणफणलेली, अक्षता टॅक्सी खाली थांबवून वर आली, फळांची पिशवी ठेवली, घड्याळ पाहिलं, गेली. संपला भाग. पण आईनं सांगितलं होतं की लेक रात्रभर उशाशी बसली, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत... आणि मागच्या आठवड्यात बघितलेला तो भाग—अक्षता भावाला म्हणते, आईचं तुझं तू बघ. आईच्या सांगण्यात ती आईच्या बाजूनं भावाशी भांडली होती.

पहिल्यांदा रुचिराला वाटलं, आई विसरली असेल. नंतर वाटलं, दोन भागांची सरमिसळ. पॉडकास्टमधल्या बाईंनी कारणही पुरवलं होतं. पण वजनाचा काटा नुसता डळमळतो तेव्हा वजन कधी थोडं जास्त भरतं, कधी थोडं कमी. जी चूक दोन्हीकडे सांडते तिला चूक म्हणून सोडून द्यावं. जी एकाच बाजूला पडत राहते, तिच्यामागे काहीतरी असतं—लॅबमध्ये नव्या मुलांना हे मीच तर शिकवते. आणि आईच्या सगळ्या चुका अक्षताच्या बाजूनं पडल्या होत्या.

तिनं मधले सगळे भाग ओलांडून शेवटचा लावला. हा भाग आईनं सांगितला तेव्हा कुकरची शिटी होत होती, म्हणून आईनं तो दोनदा सांगितला होता. 'मगे काय गो, लेकीन आवशीक आपल्या घराक न्हेल्यान. तिका खोली दिल्यान, खिडकेची. खिडकेतसून डोंगर दिसता.'

'आई, सेट असतो तो. डोंगर रंगवलेला असतो.'

'रंगवलेलो तर रंगवलेलो,' असं म्हणून आई हसली होती, थोडी थांबली होती... आणि मी विचारलं होतं, औषधं घेतलीस का.

पडद्यावर अक्षता परदेशी निघून गेली. कुंदानं दार लावून घेतलं. नावं वर सरकू लागली. खिडकी कुठेच नव्हती. अख्ख्या मालिकेत डोंगर नव्हता.

डोंगर इथे होता, या घराच्या लहान खोलीतून दिसणारा. हे घर घेतलं तेव्हा आई पूजेला आली, चार दिवस राहिली, आणि चारही दिवस त्या खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. तिथे आता ट्रेडमिल आहे, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे. मालिका संपली त्या थंडीत आई रुचिराच्या भावाकडे, सौरभकडे बोरिवलीला राहायला गेली, आणि यंदा अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचं बोलणंच गेलं.

रुचिरानं भावजयीला फोन लावला.

"ताई, आत्ताच खिमट भरवलं त्यांना," दिशा म्हणाली. "कानाला लावू?"

"लाव ना."

"बोला हं. ऐकू येतं सगळं. सौरभ म्हणतो, आपल्यापेक्षा जास्त."

"आई," रुचिरा म्हणाली. "ती आपली मालिका... शेवटचा भाग बघितला आज."

पलीकडे श्वास.

"अक्षतानं शेवटी आईला—"

इथे दोन वाक्यं होती. घरी नेलं म्हणावं, तर आईला इथे आणायचा शब्द दिल्यासारखं होईल. आणि बाथरूमचा उंच उंबरा, दिवसभर बंद घर, देवेश, लॅब—सगळी कारणं उभी होती, आणि सगळी खरी होती. एकटं सोडलं म्हणावं, तर ते आईला तेव्हापासून माहीत होतं. तिनं ते एकटीनं बघितलं होतं आणि मग फोन उचलून मला दुसरंच सांगितलं होतं, रोज, इतकी वर्षं.

"ताई, बोला ना," लांबून दिशाचा आवाज आला. "त्या वाट बघतायत."

रुचिरानं फोन कानावर दाबला, कानाची पाळी दुखेपर्यंत. कुकर नव्हता, नळ नव्हता. श्वास आत जात होता, मध्ये कुठेतरी अडखळत होता, बाहेर येत होता—त्या अडखळण्यात काही म्हणणं होतं का, ते कुठल्या बाजूला पडत होतं...

"ऐकतेय," ती म्हणाली.

पलीकडून कुणी काही विचारलं नव्हतं.