सज्ज्यावरचा गरम पाण्याचा टब

मी परळच्या एका गिरणीतला जुना सागवानी टब आहे. मित्रांनो, टब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर न्हाणीघरातला पांढरा, गुळगुळीत टब येईल. मी तसा नाही. मी गोल आहे, मोठ्या माणसाच्या कमरेएवढा उंच आहे आणि माझ्या अंगात एकही खिळा नाही. माझ्या उभ्या फळ्या तीन लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या आहेत. बाकीचे काम पाणी करते. कोरडे लाकूड आकसते, भिजलेले फुगते. पाणी भरले की फळ्या फुगून एकमेकींवर दाबल्या जातात आणि फटी बंद होतात. म्हणजे पाणी अडवायला मला आधी पाणीच लागते.

गिरणीत मी रंगखात्यात होतो. रंगवलेले कापड शेवटी माझ्यातल्या गरम पाण्यात धुतले जाई. नळीतून वाफ येई, पाणी गुडगुडू लागे आणि मला फार बरे वाटे. थंडीत पाळी सुटताना कामगार माझ्या अंगावर हात शेकत आणि म्हणत, "या बाबाचा ताप काय उतरत नाय!" मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मग ब्याऐंशी सालचा संप आला. एका सकाळी वाफ आली नाही. नंतरही आली नाही. कोणीतरी माझ्यातले पाणी सोडून दिले आणि मी वाळू लागलो. रंगखात्याचे दार पुन्हा उघडले ते काही वर्षांनी, भंगार विकायला. तोवर माझ्या फळ्यांमधून उजेड आरपार दिसू लागला होता.

त्या भंगारात एके दिवशी शिवडीच्या कोळीवाड्यातले एक जोडपे आले. नवरा लहू. तो पूर्वी याच रंगखात्यात होता आणि संपानंतर धाकट्या भावाच्या होडीवर जात असे. बायको गुणवंती. ती लालबागच्या मासळी बाजारात बसायची. बर्फाच्या पाण्यात वर्षानुवर्षे उकिडवे बसून तिचे गुडघे आखडले होते. डॉक्टरांनी सांगितले होते, रोज गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसा आणि पाण्यातच पाय हलवा. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, त्यामुळे दुखरा सांधाही हलू शकतो.

गुणवंतीला घाई होती. बाजारातल्या बायकांचा एक रिवाज होता. नारळी पुनवेनंतर नवा हंगाम सुरू झाला की जिची जागा तिनेच बसायचे. ती बसली नाही तर जागा दुसरीला. सध्या तिची धाकटी जाऊ मंजुळा शेजारी बसून गुणवंतीच्या जागेवर आपली पाटी ठेवत होती. पण पाटी काही माणूस नव्हे.

"हे लोखंडी पिंप घेऊ," लहू म्हणाला. "मजबूत हाय."

"आणि बसले की कडेने चटके? मी काय कोलंबी हाय?"

मग एक प्लास्टिकची टाकी आली. गुणवंतीने तिच्यावर टिचकी मारली आणि नाक मुरडले. "गरम पाणी बघून हीच बसेल खाली."

मग ती माझ्याकडे आली. बाजारात मासा पारखावा तसे तिने मला पारखले. अंगठ्याने फळी दाबली. आत डोके घालून वास घेतला. "कुजलेला नाय. लाकूड हाय, पाणी लवकर निवणार नाय."

"अगो, हा तर आमचा ताप न उतरणारा बाबा!" लहू ओरडला.

"मग वळखीच्याला इथं एकटा कशाला ठेवतोस? उचल!"

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यापुढे जाळी सुकवायला फळ्यांचा मोठा सज्जा होता. लहूला मला अगदी कडेला ठेवायचे होते, कारण तिथून खाडी दिसे. पण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. मी अर्धा भरलो तरी पाण्याचेच पाचशे किलो होतात. वर मी, वर गुणवंती. तेव्हा लहूने नामी युक्ती काढली. त्याने गल्लीतली माणसे गोळा करून एकेकाला सज्ज्याच्या कडेला उभे केले. खालच्या खोलीत राहणारे त्याचे काका, तात्या, खालून खांबांकडे बघत होते.

"चढा अजून एक! अजून एक!" तात्या ओरडत होते. मग फळी करकरली. "उतरा रे, उतरा! माझ्या डोक्यावर लगीन लावताय काय?"

मग तीच माणसे भिंतीजवळ, खांबांच्या बरोबर वर उभी राहिली. तिथे फळ्यांनी हूं की चूं केले नाही. खाडी दिसणार नव्हती, पण माझी जागा ठरली. भार सगळीकडे सारखा पडावा म्हणून माझ्याखाली दोन जाड वासे टाकले. डोळ्यांना नव्हे तर खांबांना विचारून जागा ठरवावी, हे मला फार आवडले.

लहूने मला मोठ्या हौसेने भरले आणि मी चहूबाजूंनी गळू लागलो. सज्जा वाहिला, जिना वाहिला. खालून तात्यांचा आवाज आला.

"लहू! माझे सुकवलेले बोंबील परत पोहायला लागले!"

लहूने कपाळावर हात मारला. "फसलो. फोडून बंबात घालतो याला." मित्रांनो, मला बोलता आले असते तर किती बरे झाले असते! गुणवंती पायरीवर बसून गुडघे चोळू लागली. नारळी पुनव फार लांब राहिली नव्हती.

तात्या तणतणत वर आले. "गळकं पिंप आणलंस! वाळलेली लाकडं ही! अशी तर होडीपण गळते, पावसाळाभर वर वढून ठेवली की..." ते मधेच थांबले. लहूने त्यांच्याकडे पाहिले. तिघेही कोळी, आणि तिघांनाही मी होडीचाच भाऊबंद आहे हे सुचले नव्हते!

"भरत राहा," गुणवंती उठत म्हणाली. "तात्या, बोंबील आत न्या."

ते भरत राहिले, मी गळत राहिलो, आणि हळूहळू फुगलो. एका सकाळी माझ्याखालची फळी कोरडी होती. मग धुण्याच्या सोड्याने मला घासून घासून धुतले. पहिले पाणी निळे निघाले. पाणी अगदी नितळ येईपर्यंत गुणवंती आत उतरली नाही.

त्यानंतर रोज बंब पेटे. मी पाणी ऊबदार ठेवी आणि गुणवंती माझ्यात बसून पाय हलवी. सुरुवातीला ती ओरडे. मग कुरकुरे. मग एकदा गाणे म्हणू लागली, तेव्हा तात्यांनी खालून सांगितले, "ओरडायचीस ते बरं होतं!"

नारळी पुनव झाली. होड्या गेल्या आणि मासळी घेऊन आल्या. त्या सकाळी गुणवंती सज्ज्यावर उकिडवी बसली आणि कशालाही न धरता उभी राहिली. पाटी घेऊन ती बाजाराला गेली. मी तेव्हापासून जिन्याकडे कान लावून होतो.

दुपारी पावले वाजली. गुणवंती हळू चढत होती आणि तिच्या मागची मंजुळा त्याहून हळू.

"बसायला जमलं?" लहूने विचारले.

"जमलं. दुखलं, पण शेवटची सुरमई खपेपर्यंत उठले नाय."

"ती बसली, माझं काय?" मंजुळा कंबर धरून म्हणाली. "दोन जागा राखता राखता माझे गुडघे गेले. भावोजी, बंब पेटवा. गुणवंतीबाय, तुझी जागा तुला दिली, आता मला या पिंपात जागा दे."

"ये गो. पण पाय आखडून बस."

दोघी आत उतरल्या आणि पाणी थेट त्यांच्या हनुवटीपर्यंत चढले. आता बाजारातल्या आणखीही बायका येतात. माणसे वाढली की पाणी कमी भरायचे, हे लहूला तोंडपाठ झाले आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसून कोपऱ्यात ठेवली की तुम्हाला वाटते, तिची काळजी घेतली. माझ्यासारख्याला तेवढ्याने तडे जातात. मला कामाला लावा, आणि काम संपल्यावर तळाशी थोडे पाणी राहू द्या. तुमच्या घरात कोणाचे गुडघे दुखत असतील, तर त्यांनाही नुसते बसवून ठेवू नका. हात द्या, ऊब द्या आणि म्हणा, "चला, जरा पाय हलवा!"