न हलणारं चित्र

ब्लाउजचा सगळ्यात वरचा हूक कडीला टेकला आणि पुन्हा निसटला... यमुनाबाईंची बोटं तिथंच थांबली. मृण्मयीनं पुढे होऊन तो लावून दिला. चिकुनगुनियाचा ताप उतरून दीड वर्ष झालं होतं. आईच्या सांध्यांतून तो गेलाच नव्हता.

"आज तुझं औषध दाखवणार ना गं मोठ्या लोकांना?"

औषध नाही आई, नुसता एक रेणू... पण ती "हो" म्हणाली.

छावणीतल्या घरून विद्यापीठाकडे जाणाऱ्या रिक्षात कालचं सगळं पुन्हा वर आलं. चिकुनगुनियाच्या विषाणूचं ते एन्झाइम—विषाणूची लांबलचक प्रथिनं कापून सुटी करणारं. ते अडवलं तर विषाणू वाढतच नाही. त्याच्या तोंडाशी एक सैल, लवचिक पट्टा. तो सरकतो तेव्हा प्रथिन आत शिरतं, आणि मग तोच त्याला धरून ठेवतो. सरांनी तयार केलेला रेणू त्या तोंडात चपखल बसत होता—चित्रात. संगणकावर मृण्मयीनं एन्झाइमला हलू दिलं, तर दर वेळी पट्टा उघडला आणि रेणू बाहेर पडला. दर वेळी.

"उद्या हलणारं काही दाखवायचं नाय," तिचे मार्गदर्शक डॉ. काकासाहेब काल म्हणाले होते. "स्थिर चित्र दाखव."

"पण सर, शरीरात ते स्थिर नसतंच कधी."

"लई ताणू नको, मृण्मयी. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली तर तुझीच जागा राहणार हाय. थोडं लवचिक राहायला शिक."

'लवचिक' हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नव्हता. हेच जास्त बोचलं—तिनं इतके दिवस ज्याच्यावर घालवले, तो शब्द त्यांच्या तोंडून असा सहज, सुपारीसारखा पडावा...

दुपारी पडद्यावर निळ्या एन्झाइमच्या कुशीत पिवळा रेणू बसला होता. सुंदर, मेल्यासारखा शांत. मुदतवाढ ठरवणाऱ्या समितीतल्या पांढऱ्या केसांच्या बाई पुढे वाकल्या.

"हा पट्टा हलत असेल ना? मग रेणू आत टिकतो?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तिनं किती वाट पाहिली होती! सेमिनारमध्ये, परिषदेत... कुणी विचारला नाही. आता विचारला, इतक्या साध्या, मायाळू आवाजात. सर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"फारसा नाही हलत," मृण्मयी म्हणाली. "टिकतो."

बाईंनी मान डोलावली. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला.

संध्याकाळी दारातच आई शेजारच्या वच्छलाबाईंना सांगत होती, "झालं हो पसंत हिचं औषध!" मृण्मयीनं नुसतं "मुदतवाढ मिळाली" एवढंच फोनवर सांगितलं होतं.

"आमच्या गुडघ्याला आधी दे गं माय," वच्छलाबाई हसल्या. "लई दुखतंय."

आता वाईट वाटेल, असं मृण्मयीला वाटलं. ती चपला काढून तशीच उभी राहिली, वाट पाहत. वाईट वाटलं नाही. राग आला—सरांचा नव्हे, स्वतःचाही नव्हे. समोर उभ्या असलेल्या या दोन म्हाताऱ्या बायकांचा. इतकी आशा ठेवायला यांना सांगितलं कुणी? आणि त्या रागात एक विलक्षण आराम होता... इतका, की त्यातून बाहेर यावं असं तिला वाटेना.