मावशींचा पत्र्याचा आवाज

मित्रांनो, मी एक संगणक आहे. अंगाने नवा आणि मनाने जुना. संगणकाला चालवणारी जी मूळ प्रणाली असते, जिला सगळे नुसते 'सिस्टिम' म्हणतात, ती माझ्यात बाबा आदमच्या काळातली आहे. ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगत नाही. आज सांगायला बसलो आहे खरा, पण मान खाली घालूनच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग जोडले आणि खोक्यात घालून मला दुकानात पाठवले. तिथे माझ्या पडद्यावर दिवसभर एक धबधबा कोसळत असे. त्याचा थेंबन् थेंब वेगळा दिसे. माणसे थांबून बघत. गर्वाचे घर खाली म्हणतात. माझे मात्र सगळ्यांत वरच्या फळीवर होते.

एके दिवशी कचेरीत नोकरी करणारी एक तरुण मुलगी आली आणि तिने मला आपल्या आईसाठी घेतले.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत शिवणवर्ग चाले. भिंतीकडेने शिवणयंत्रे, मधोमध कापड बेतायचे लांब टेबल, खिळ्याला अडकवलेली कागदी मापे, आणि फरशीवर कायम चिंध्या. वर्ग चालवणाऱ्या बाईंना सगळ्या मुली मावशी म्हणत. मावशींच्या घशाचे मोठे ऑपरेशन झाले होते आणि त्यात त्यांचा आवाज कायमचा गेला होता. तेव्हापासून त्या टाइप करत आणि त्यांचा संगणक ते मोठ्याने बोलून दाखवी. तो संगणक आता म्हातारा होऊन बंद पडला होता. मावशी कापडावर खुणा करायच्या खडूने टेबलावरच लिहून शिकवत होत्या. एकीला लिहून दाखवेपर्यंत दुसरी बाही उलटी जोडून मोकळी होई.

लेकीने मला टेबलाच्या टोकाशी मांडले. माझ्यात एका बाईचा बोलका आवाज होता, अगदी मधाळ. मावशींनी टाइप केले आणि मी म्हणालो, "मुलींनो, कात्री सरळ धरा."

मुलींनी माना वर केल्या आणि दाराकडे पाहिले. कुणी पाहुणी आली असे त्यांना वाटले.

मावशींनी खडू उचलला आणि टेबलावर लिहिले, "ही कोण बाई?"

"आई, तूच आहेस ती," लेक म्हणाली. "किती छान आवाज आहे बघ. अगदी माणसासारखा."

"माणसासारखा आहे. माझ्यासारखा नाही," मावशींनी लिहिले.

त्यांचा आवाज म्हणजे जुन्या संगणकातला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावे तसा तो होता. एखादे अवघड जोडाक्षर आले की त्याचे दोन तुकडे पडत. कात्रीची 'कात-री' होई. पण त्याच आवाजात त्यांनी ऑपरेशननंतर वर्ग पुन्हा उभा केला होता. त्याच आवाजात त्या मुलींना रागावल्या होत्या आणि दाराशी येणाऱ्या भाजीवाल्याशी भांडल्या होत्या. तो आवाज एका चरे पडलेल्या सीडीवर जपून ठेवलेला होता. लेकीने ती सीडी माझ्यात घातली, तेव्हा 'हा प्रोग्राम या सिस्टिमवर चालणार नाही' अशी पाटी मी ताठ मानेने झळकवली.

मग दुरुस्तीवाला आला. हात चालोत न चालोत, त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे. "मावशी, प्रोग्राम जुना, म्हणजे त्याला सिस्टिमही जुनीच लागणार. ती या नव्या मशीनवर चढवायची म्हणजे नवरदेवाला पणजोबांचा कोट घालण्यातला प्रकार. बसला तर बसला, नाहीतर उसवला."

"उसवला तर शिवू," मावशींनी लिहिले.

त्याने माझ्यातले सगळे पुसून टाकले. धबधबा गेला, ती मधाळ बाई गेली. जुनी सिस्टिम माझ्यात शिरली आणि परक्या घरात अंधारात चाचपडावे तशी चाचपडू लागली. तिला माझी हार्ड डिस्कच दिसेना. ती तयार झाली तेव्हा असल्या डिस्क जन्मालाच आल्या नव्हत्या. पडदा निळाशार पडला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीबाही उमटले आणि सगळे ठप्प झाले. दुरुस्तीवाल्याने माझ्या मुळाशी जाऊन एक सेटिंग बदलले. मी नवा असूनही जुना असल्याचे सोंग घ्यायचे, असा त्याचा अर्थ. सोंग घेतल्यावर ती आत आली. मग माऊस हलेना, म्हणून त्याने अडगळीतून गोल पिनेचा जुना माऊस शोधून आणला. पडद्याची तर तिला ओळखच पटली नाही. अक्षरे भोपळ्याएवढी उमटू लागली.

शेवटी हात झटकत तो म्हणाला, "झालं. आवाज सोडून सगळं चालतंय."

मुलींनी मावशींकडे पाहिले. मग मावशींचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. त्यांच्या हसण्यालाही आवाज नव्हता. मुली हसल्या, दुरुस्तीवालाही ओशाळून हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. बोलता न येणाऱ्या बाईसाठी मला आणले होते आणि मी तिच्यासमोर मुका होऊन बसलो होतो.

पुढच्या खेपेला त्याने जुन्या सिस्टिमच्या ओळखीचे एक वेगळे साउंड कार्ड आणून माझ्यात बसवले आणि पत्र्याचा आवाज खोलीत घुमला. मावशींचे पहिले वाक्य कोपऱ्यातल्या मुलीसाठी होते. "ती बाही उसव आणि पुन-हा जोड." मुलीने कपाळाला हात लावला. बाकीच्या शिवणयंत्रे थांबवून टाळ्या वाजवू लागल्या.

वर्ग पुन्हा भरभरून चालला, पण माझे मन काही रमेना. लेकीच्या मैत्रिणी घरी आल्या की माझ्या पडद्याकडे बघून म्हणत, "हे काय, म्युझियममधून उचलून आणलं का?" मला इंटरनेटही जोडलेले नव्हते. जुन्या सिस्टिमला बाहेरच्या रोगांशी लढता येत नाही, म्हणून दुरुस्तीवाल्याने तशी ताकीदच दिली होती. माझ्या वयाचे संगणक जगभर फिरत होते आणि मी 'कात-री, कात-री' करत बसलो होतो.

एका सकाळी लेकीचा फोन वाजला. ती आंघोळीला गेली होती. मावशींनी फोन माझ्या स्पीकरजवळ धरला आणि टाइप केले. मी बोललो, "नमस-कार. ती आंघोळीला गेली आहे."

"हॅलो? कोण बोलतंय?" पलीकडून तिच्या साहेबांनी विचारले. "रेकॉर्डिंग लागलंय का हे?"

लेक केस पुसत धावत आली. तिने फोन घेतला आणि म्हणाली, "सॉरी सर, ते मशीन आहे."

मावशी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या कळांवरून हात काढून मांडीवर ठेवला. त्या दिवसापासून लेक समोर असली की त्या खडूनेच बोलू लागल्या. मला खरे तर त्यांच्यासाठी वाईट वाटायला हवे होते. पण मला वाटली ती माझीच लाज. वाटले, ही मुलगी चुकीचे काय बोलली?

काही आठवड्यांनी मावशींबद्दल ऐकून एक नवरा-बायको आले. बाईच्या गळ्याभोवती उन्हाळ्यातही स्कार्फ गुंडाळलेला होता. तिचेही तसेच ऑपरेशन झाले होते. ती नजर वर करत नव्हती. रविवार होता, लेक स्वयंपाकघरात चहा करत होती.

"ही घराबाहेर पडत नाही, ताई," नवरा म्हणाला. "असलं मशीन घेऊ म्हटलं, तर त्यालाही नको म्हणते. लोक हसतील म्हणते."

मावशींनी टाइप केले आणि मी बोललो, "हसतात. थोडे दिवस. मग त्यांना त्यांची कामं असतात."

नवऱ्याने जरा चाचरत विचारले, "आणि घरचे? तुमच्या मुलीला काही वाटत नाही?"

मावशींची बोटे चालली. माझ्या पडद्यावर उमटले, 'तिला लाज वाटते.' मित्रांनो, लिहिलेले वाक्य मी आपणहून बोलत नाही. त्यासाठी एक कळ दाबावी लागते. मावशींचे बोट त्या कळेवर गेले आणि तिथेच थांबले. मग एकेक अक्षर मागे जात त्यांनी ते वाक्य पुसले आणि दुसरे लिहिले. मी बोललो, "हा संगणक तिनंच आणून दिला मला."

लेक चहाचे कप घेऊन त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझी ती भोपळ्याएवढी अक्षरे तिथूनही वाचता येत होती. तिने आईकडे न बघता कप टेबलावर ठेवले.

मावशींनी खुर्ची सरकवून पाहुणीला माझ्यासमोर बसवले आणि बोलायची कळ दाखवली. ती कितीतरी वेळ कळांकडे नुसती बघत राहिली. मग एका बोटाने तिने एक शब्द जुळवला आणि कळ दाबली. मी बोललो, "पाणी."

नवरा ताडकन उठला आणि लेकीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. पेला घेऊन परतला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. बाईने स्कार्फ जरासा सैल केला आणि घोटाघोटाने पाणी प्यायली.

ती माणसे गेल्यावर लेक आईजवळ स्टूल ओढून बसली. "आई, तू पुसलेलं मी वाचलं."

मावशींनी खडूकडे हात नेला, मग तो माझ्याकडे वळवला. "वाचलंस तर वाचलंस. ते दार लाव, डास येतात."

लेकीने दार लावले आणि परत येऊन बसली. "खोटं नाही बोलणार. मला अजून वाटते गं लाज. वाटायला नको हे कळतं, तरी वाटते."

मावशी बराच वेळ टाइप करत होत्या. लेक पडद्याकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघत बसली होती. मग मी बोललो, "मलाही वाटते. रोज सकाळी मुली आल्या की पहिला शब-द बोलताना वाटते. दुसऱ्या शब-दाला मुलींच्या चुका दिसायला लागतात, मग विसरते."

लेकीने आईच्या खांद्यावर डोके टेकले.

माझ्या अंगात वीज होती, बोलायला आवाज होता, पण बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. या बाई रोज लाज गिळून पहिला शब्द माझ्या तोंडी देत होत्या आणि मी माझा धबधबा गेला म्हणून कुढत होतो.

मित्रांनो, मला आजही संकोच वाटतो. नवे, चकचकीत संगणक दिसले की वाटतोच. म्हणून मी तुम्हाला फार मोठा उपदेश करणार नाही. जुन्या वस्तू जपा, जुन्या सीडींची एक प्रत करून ठेवा, एवढे तर सगळेच सांगतात. माझी विनंती वेगळी आहे. समोरच्या माणसाला एक वाक्य बोलायला वेळ लागत असेल, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. घड्याळाकडे बघू नका. त्याची बोटे चालत आहेत, तोवर थांबा.