शेवटची त्रुटी

भीमराव रामटेक्यांनी चष्मा काढला, रुमालानं सावकाश पुसला आणि बंगल्याचा नकाशा टेबलावर फिरवून तात्यारावांसमोर सरकवला.

"मागची न्हाणी यात दिसत नाही."

"न्हाणी मागंच आहे. चला, दाखवतो."

"जागेवर आहे. कागदावर नाही."

"मग इतकी वर्षं मी अंघोळ कुठं केली म्हणायची?"

"ते आपण महापालिकेला विचारा," भीमराव म्हणाले आणि चष्मा पुन्हा चढवला.

पाटबंधारे खात्यात ते उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत राहिले होते. फाइल कशी हलते हे तिथं सगळेच शिकतात. ती कशी हलत नाही हे फार थोडे शिकतात. भीमराव त्या थोड्यांतले. सगळ्या त्रुटी एकदम कधी सांगायच्या नसतात. एक सांगायची. समोरचा धावपळ करून ती दूर करून आला की त्याचं अभिनंदन करायचं आणि पुढची सांगायची. नोकरीत त्यांनी ही विद्या ठेकेदारांवर वापरली, स्वतःसाठी कधी नाही. स्वतःसाठी तिचा हा पहिलाच उपयोग होता आणि तो त्यांना मनापासून आवडत होता.

सहकारनगरातला हा बैठा बंगला त्यांनी यापूर्वी एकदा आतून पाहिला होता. भंडाऱ्याहून बदली होऊन आले तेव्हा पत्नी शालनबाई तान्ह्या लेकीला, अक्षताला घेऊन स्वारगेटच्या बाकावर सामानाची राखण करत बसल्या होत्या, आणि भीमराव फाटकावरची 'दोन खोल्या भाड्याने देणे आहे' ही पाटी वाचून आत आले होते. तात्याराव बेहेऱ्यांनी खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला, सरकारी नोकरी ऐकून मान डोलावली. मग पूर्ण नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांना एकाएकी आठवलं की खोल्या कालच कुणाला तरी देऊन झाल्या आहेत. पाटी पुढं दिवाळीपर्यंत फाटकावर लटकत होती. ऑफिसला जाताना भीमराव मुद्दाम वाट वाकडी करून ती पाहायचे.

मग ते धायरीला गेले. तेव्हा ते खेडं होतं. जागा देणाऱ्या पोपट नावाच्या शेतकऱ्यानं नाव विचारलं नाही, "पाणी इहिरीचं हाय, चालंल का?" एवढंच विचारलं. त्याच्याकडूनच पुढं थोडी जमीन घेतली. पुण्यात कंप्युटरवाले आले, सिंहगड रस्ता फुगला, आणि धायरीच्या त्या जमिनीला असे दिवस आले की ती विकून आणि अक्षताच्या पगारावर कर्ज काढून भीमराव या दिवाणखान्यात गिऱ्हाईक म्हणून बसू शकले. आता तात्यारावांनी नाव ऐकलं तेव्हा खुर्ची पुढं ओढून दिली. बँकेनं ज्याला मंजुरी दिली त्याचं आडनाव कानाला टोचत नाही.

खरं टोचलं ते भीमरावांना: तात्यारावांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

तात्यारावांचा मुलगा शुभंकर विलायतेत, लंडनपासून तासाभरावरच्या एका शांत उपनगरात घर घेत होता. पुढं हिरवळ, मागं हिरवळ, खाली वडिलांसाठी खोली. इथला बंगला विकून आलेली रक्कम तिथं लागणार होती. तिथला घरमालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. पुढं दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. हे कळल्या दिवशी भीमरावांनी घरी येऊन शालनबाईंकडे चहाबरोबर खारी मागितली होती. महिना उलटू द्यायचा, विलायतेतलं घर हातचं जाऊ द्यायचं, आणि मग तात्यारावांना सांगायचं, आपण कोण ते. वाक्यही तयार होतं. दाढी करताना ते त्याची एकदोनदा तालीम करत.

"हरलेल्या माणसाला सांगायचं, म्हणजे नीट ऐकू जातं," ते शालनबाईंना म्हणाले होते.

"आणि पोरीला घर?" शालनबाईंनी विचारलं होतं.

"मिळेल की. अडलेला माणूस जातो कुठं?"

आज महिन्याचा शेवटचा रविवार. न्हाणीची त्रुटी निघाली म्हणजे काम फत्तेच होतं.

तेवढ्यात फोन वाजला. शुभंकरचा. तात्याराव उभे राहून, आवाज चढवून बोलू लागले.

"अरे, मी काय करू? रामटेके साहेब बसलेत इथं. आता न्हाणी निघालीय... हो, न्हाणी... कायद्याचा माणूस आहे बाबा, त्याला काय सांगणार? ... बघतो. बघतो म्हटलं ना."

आवाज वैतागलेला होता. पण बोलता बोलता त्यांचा मोकळा हात मुलांसारखा खिडकीच्या गजावर ठेका धरत होता. भीमरावांनी त्या बोटांकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. नकाशाशेजारी दोघांसाठी बशीत बाकरवडी काढून ठेवलेली होती, आणि मागच्या रविवारच्या त्रुटीवर तात्यारावांनी कुठूनसं एक परिपत्रक मिळवून त्यावर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

फोन ठेवून तात्याराव खुर्चीत बसले. गाल तुकतुकीत दिसत होते.

"न्हाणीला पंधरा दिवस तरी जातील, नाही?"

"जातील."

"आणि गच्चीच्या जिन्याबद्दल आपण अजून विचारलंच नाहीत. तोही नंतर बांधलाय. म्हटलं, आपल्या लक्षात आलंय का बघावं."

भीमरावांनी नकाशात जिना शोधला. तोही नव्हता.

"गेल्या वर्षी सहा महिने राहून आलो तिथं," तात्याराव बाकरवडी मोडत म्हणाले. "घरं चित्रासारखी. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, माणूसही नाही. दार कुणी वाजवत नाही. शेजारी कुंपणापलीकडून हात हलवतो आणि आत जातो. त्याच्या झाडाच्या फांद्या आमच्याकडे येत होत्या. मी म्हटलं, चला, सांगू चार शब्द. तर दुसऱ्या दिवशी त्यानं फांद्या कापल्या आणि वर 'सॉरी' म्हणाला. सहा महिन्यांत माझ्याशी एक माणूस भांडला नाही हो."

"मुलाला सांगा, येत नाही म्हणून."

"न्हाणीत पडलो होतो ना. आता एकटं ठेवायला तो तयार नाही. पोटच्या पोराला तोंडावर नाही म्हणवत नाही मला." मग जरा पुढं झुकून, हळू आवाजात, "आपण निवांत करा, रामटेके साहेब. महिना गेला तर गेला. मी रविवारची वाट बघत असतो."

भीमरावांनी नकाशा उचलला, घडीवर घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवला.

"फोन लावा शुभंकररावांना. मी बोलतो."

तात्यारावांनी हसत हसत नंबर फिरवला. आता पोराला चांगलं कायद्याचं ऐकायला मिळणार होतं.

"नमस्कार, रामटेके बोलतोय," भीमराव फोनवर म्हणाले. "कागद सगळे पाहिले. न्हाणीचं आम्ही आमचं बघून घेऊ, त्यासाठी थांबायला नको. उद्या सकाळीच नोंदणी करू... नाही, कसलीच अडचण नाही. आपलं तिकडचं घर जाता कामा नये... छे, आभार कसले. आणि हो, वडिलांचं तिकीट काढून टाका. लवकरचं काढा. या वयात एकट्यानं राहणं बरं नव्हे."

त्यांनी फोन अलगद ठेवला. तात्यारावांच्या हातातला बाकरवडीचा तुकडा हातातच होता.

"अहो, पण जिन्याचं?"

"जिना चांगला आहे."

"हद्दीच्या भिंतीचा पूर्वी वाद होता. मी कागद काढून देतो..."

"असू द्या."

भीमराव ओट्यावर येऊन चपला घालू लागले. तात्याराव मागोमाग आले. खांबाला धरून उभे राहिले. थोड्या वेळानं, भांडणाचं कुठंतरी टोक सापडल्यासारखे, ते म्हणाले,

"रामटेके, खरं सांगा. माझ्यावर काही राग आहे का तुमचा?"

तयार वाक्य भीमरावांच्या ओठांपर्यंत आलं. ते ऐकून हा म्हातारा आधी नाकारील, मग चिडेल, मग आपली बाजू मांडील; विमानात मांडील, हिरवळीवर मांडील, मरेपर्यंत मांडत राहील. त्याला उरलेल्या दिवसांना पुरेल एवढं भांडण होतं त्यात.

"छे हो," भीमराव म्हणाले. "राग कसला?"

आणि कुंपणापर्यंत जाऊन, मागं वळून, त्यांनी हात हलवला.