वरच्या माणसांचा रस्ता

आमच्या वेस्ट कॉर्बिनमध्ये गावचं दप्तर पाहायला कारण सांगावं लागत नाही. तशी पाटीच मी माझ्या खिडकीशेजारी टांगली आहे. जन्म, मृत्यू, जमिनी, कुत्र्यांचे परवाने, गावसभेत कोण काय बरळलं ते, सगळं मागच्या लोखंडी दाराच्या खोलीत आहे आणि ते गावाच्या मालकीचं आहे. मी नुसती किल्ली सांभाळते. मी गावची कारकून, नाव मर्ना. वीसेक वर्षं गाव मलाच निवडून देतंय. दुसरं कुणी उभंच राहत नाही म्हणून, असं समोरचा दुकानदार ल्युसियन थिबो म्हणतो. त्याला माझ्याबद्दल मतं फार.

फेब्रुवारी संपत आला होता. अल्वा स्टेबिन्स कचेरीत आला, टोपीवरचा बर्फ माझ्या पुसलेल्या फरशीवर झटकला आणि खिडकीपाशी उभा राहिला. म्हाताऱ्याने नव्वदीकडे झुकूनही पहाटे गाईंच्या वेळेला उठायची खोड सोडलेली नाही, गाई केव्हाच विकल्या तरी. बायको गेल्यापासून दर रविवारी तो टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत जातो. थर्मासमधली कॉफी पितो, आठवड्याच्या बातम्या हेस्टरला सांगतो आणि खाली येतो. तिच्या दगडावर त्याचंही नाव आणि जन्मसाल कोरून ठेवलंय. पुढची जागा कोरी आहे.

"टेकडीच्या रस्त्याला फाटक लागलंय," तो म्हणाला. "साखळी, कुलूप, सगळं."

मला माहीत होतं. मेरिल प्रॅटने टेकडीचा उतार बॉस्टनच्या एका माणसाला विकला होता. त्या माणसाच्या वकिलाचं पत्र गावचा कारभार पाहणाऱ्या पंचांकडे आलं होतं, आणि अल्वालाही वेगळं आलं होतं. दफनभूमीत जायचं असेल तर आधी फोन करावा, वर्षातून दोनदा फाटक उघडून देण्यात येईल.

"फोन करायचा? माझ्या बायकोला भेटायला?" अल्वाने पत्र माझ्यापुढे आपटलं. "लग्नाआधी तिच्या बापाची परवानगी एकदा घेतली, तेवढी पुरे झाली."

"बसा आधी. कॉफी देऊ?"

"कॉफी नको. मी मेलो तर काय करणार ते सांग. मलाही त्या माणसाच्या सोयीच्या तारखेला वर नेणार का?"

मी पत्र उचलून वाचलं.

वकिलाचं म्हणणं असं होतं की गावाने तो रस्ता केव्हाच सोडून दिला. १९११ च्या सभेच्या नोटिशीत तो सोडण्याचा विषय होता. मी त्या सालचं इतिवृत्त काढून पाहिलं. उत्तर होतं: पुढच्या सभेत पाहू. पुढच्या सभेतही तेच, त्याच्या पुढच्याही. आमच्या गावाला घाई कधीच नसते. त्यानंतर केव्हातरी ठराव झालाच असणार, असं वकील म्हणत होता, आणि झाला नसेल तर दाखवा. तीन पंच सोमवारी बसणार होते. कोर्टाची पायरी तिघांनाही नको असते. त्यांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत पुरावा मिळाला तर लढू, नाहीतर सही करू.

एखादी गोष्ट झाली असेल तर ती एका पानावर सापडते. झाली नाही हे दाखवायचं तर सगळी पानं वाचावी लागतात. अनुक्रमणिकेवर विसंबायची सोय नव्हती. माझ्या आधीच्या कारकुनांनी आपल्याला महत्त्वाचं वाटेल तेवढंच तिच्यात चढवलं होतं, म्हणजे मुख्यतः डुकरं मोकाट सोडल्याचे दंड. शंभराहून जास्त वर्षांच्या सभा, निम्म्या तर कोंबडीच्या पायांनी लिहिल्यासारख्या. एकटीने वाचायच्या तर उन्हाळा उजाडला असता. आणि वह्या इमारतीबाहेर न्यायच्या नाहीत, हा नियम.

मग मी ठरवलं, वह्या बाहेर जात नाहीत ना, तर गावाने आत यावं. शेवटी दप्तर त्यांचंच.

शनिवारी सकाळी सगळं गाव कचरा टाकायला कचराडेपोवर येतं. बातमी पसरवायला चर्चपेक्षा ती जागा बरी, चर्चमध्ये सगळे येत नाहीत. मी माझ्या पिशव्या टाकल्या आणि रिकाम्या बाटल्यांच्या पिंपाशी ठाण मांडलं. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, अल्वाला हेस्टरपाशी जाता येत नाही, दुपारपासून सभागृहात वाचायला या.

"जेवण आहे का?" थिबोने विचारलं.

"वाचणाऱ्याला आहे."

"मग चष्मा घेऊन येतो."

वाटलं होतं, दहाबारा जण येतील. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. एका टोकाला भाजलेल्या घेवड्याची भांडी, काळा पाव, डोनट. हात धुतल्याशिवाय वहीला शिवायचं नाही म्हणून मी दारातच ओरडत होते. दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने हळू वाचायचं, दुसऱ्याने ओळीवर बोट ठेवायचं. पान संपलं की कागदावर खूण.

आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. जो तो आपापल्या माणसांना भेटायला लागला. "अगं, ही बघ, माझ्या आजीने शाळेच्या चुलीसाठी भांडण काढलंय!" कुणाच्या आजोबांचा हरवलेला बैल, कुणाच्या काकाचा फेटाळलेला ठराव. थिबोचे आजोबा सीमेपलीकडच्या क्वेबेकहून आलेले, म्हणून परके. एका सालच्या सभेत त्यांना बोलायची परवानगी नाकारली होती आणि थोड्याच वर्षांनी तेच पंच म्हणून सही करत होते. थिबोने ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला, पण त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही.

नव्या नवरदेवाला सभेत डुकरांचा रखवालदार नेमायची आमच्याकडे जुनी चेष्टा. अल्वाच्याच समोरच्या वहीत ते निघालं.

"अल्वा स्टेबिन्स, डुकरांचा रखवालदार," त्याने वाचलं. "एकमताने." सगळे हसले. "हेस्टर आठवडाभर बोलली नव्हती माझ्याशी. म्हणाली, डुकरांत मी पण धरली का?"

रविवारी दुपारी दार उघडलं आणि मेरिल प्रॅट आत आला. सगळ्यांची बोटं ओळींवरच थांबली. मेरिल आणि मी शाळेत एका बाकावर बसलेलो. त्याला पाहिलं आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"तू कशाला आलास?"

"दप्तर पाहायला."

"कशासाठी?"

उघड्या दारातून माझ्या कचेरीच्या खिडकीकडे नुसतं पाहिलं त्याने, मी स्वतः टांगलेल्या पाटीकडे. माझे कान तापले. मी ढिगातली वरची वही उचलली आणि त्याच्या हातात दिली. पाटी माझ्या रागासाठी काढून ठेवता येत नाही.

त्याच्याशेजारी कुणी बसलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलाशी तो एकटाच ओठ हलवत वाचत राहिला. त्याच्यावर नजर ठेवायची म्हणून मी जवळच उगाच भांडी आवरत होते. जमीन विकताना त्याने लिहून दिलं होतं की तिच्यावरून गावाचा रस्ता नाही. बापाकडून ऐकलेलं त्याने खरं मानलं असेल, नसेल. पण रस्ता निघाला तर बॉस्टनचा माणूस पहिली त्याची मानगूट धरणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

थोड्या वेळाने त्याचे ओठ थांबले. बोट एका जागी टेकलेलं, नजर पानावर. त्याने मान वर करून अल्वाकडे पाहिलं. अल्वाचं लक्ष नव्हतं. मेरिलला पान उलटून खूण करता आली असती. वही पुन्हा खोलीत गेली असती आणि माझ्या हयातीत कुणी उघडली नसती. मी हातात ताट धरून उभी राहिले. मला वाटलं, हा उलटणार.

तो उठला. खुर्ची करकरली.

"ऐका," म्हणाला. घसा खाकरला आणि वाचू लागला. १९११ नंतर काही वर्षांनी मोठा पूर आला, त्याच्या पुढच्या सालची सभा होती.

"'टेकडीच्या रस्त्यावरचा पूल वाहून गेला असल्याने तो रस्ता कायमचा सोडून द्यावा, असा ठराव मांडण्यात आला. श्री. अमासा प्रॅट उभे राहिले. ते म्हणाले, या गावची जेवढी माणसं वर टेकडीवर आहेत, तेवढी आज या सभेत नाहीत. त्यांना खाली येता येत नाही, तेव्हा आपल्यालाच वर जावं लागेल. मताला टाकला असता ठराव पडला. सभेने असेही ठरवले की हा विषय पुन्हा आणू नये. पुलाचे लाकूड श्री. प्रॅट देतील.'"

अल्वाने रुमाल काढला आणि मोठ्याने नाक शिंकरलं.

"अमासा तुझा कोण?" थिबोने विचारलं.

"पणजोबा," मेरिल म्हणाला. "मला हे माहीत नव्हतं." मग अल्वाकडे वळून म्हणाला, "मला माहीत असायला हवं होतं."

अल्वाने शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली. "बस इथे. अजून बऱ्याच वह्या राहिल्यात. तुझे डोळे तरी तरुण आहेत."

राहिलेल्या सगळ्या वह्या आम्ही वाचल्या, अगदी माझ्या हस्ताक्षरातल्या शेवटच्या वहीपर्यंत. सभेने सांगितलं होतं तसं तो विषय पुन्हा कुणी आणला नव्हता. एवढ्याशा गावाने एवढ्या वर्षांत पिढ्यान्पिढ्या आपला शब्द पाळला होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. वही मिटली आणि मी सरळ रडले. रडले ते रडले.

सोमवारी पंचांसमोर वकिलाने ते पान वाचलं, खुणांचा कागद पाहिला आणि नक्कल मागितली. भला माणूस होता. मालकाला समजावतो, फाटक निघेल, म्हणाला. गाव करील ते राव काय करील, हे थिबो त्यानंतर आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवत होता, जसं काही ते पान त्यानेच शोधलं. मेरिलने बॉस्टनच्या माणसाशी काय मिटवलं ते मी विचारलं नाही. त्याने नदीकाठचं चांगलं कुरण विकायला काढलं, एवढं दिसलं.

मार्चमध्ये गावसभा झाली. कुंपणं तपासणाऱ्याची एक जुनी जागा आमच्याकडे अजून भरतात. काम काही नसतं, मान असतो, थट्टा जास्त. अल्वा काठीवर रेलत उठला.

"त्या जागेला मेरिल प्रॅट," तो म्हणाला. "कुठलं कुंपण कुठे नको, हे त्याला आता नीट कळतं."

सभागृह दणाणलं. मेरिल कानापर्यंत लाल झाला आणि पहिल्यांदाच हसला. सगळे हात वर गेले. मी शाईच्या पेनाने लिहिलं: एकमताने.

उन्हाळ्यात मेरिलने रस्त्याची खचलेली कड भरून काढली, न सांगता. अल्वा रविवारी वर जात राहिला. ऑक्टोबरमध्ये, मेपल लाल होऊन झडायला लागले तेव्हा, तो पहाटे गाईंच्या वेळेला झोपेतच गेला. मृत्यूची नोंद मी केली. दगडावरचा शेवटचा आकडा मागाहून कोरला.

त्याला वर नेलं तेव्हा सगळं गाव चालत होतं. पुढे मेरिलचा ट्रॅक्टर, मागे गाडीत अल्वा, त्यामागे आम्ही. फाटकाच्या खांबांच्या खळग्यांत गवत उगवलं होतं. कुणाच्या सोयीची तारीख पाहिली नव्हती, आणि कुणाला फोनही केला नव्हता.