बंबाची गादी

हेस्टरबाई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात गेल्या आणि इकडे त्यांचं राज्य गेलं. राज्य म्हणजे थॉर्नबी गावच्या सभागृहातला चहाचा बंब. हसू नका! थॉर्नबीत पाद्री बदलले, पोस्ट बंद झालं, पण बंबापाशी हेस्टरबाईच. कोणाला आधी चहा आणि कोणाला नुसतंच "थांबा हं", हे त्या ठरवणार.

चूक त्यांचीच. भेटायला आलेल्या प्रुनेला स्टॉटला त्या गोड हसून म्हणाल्या, "चालवा की बंब! मला मेलीला काय त्याचं!" थॉर्नबीत जन्मलेल्या कोणालाही याचा अर्थ कळला असता : हात तर लावून बघ. पण प्रुनेला लग्न होऊन आलेली, वीस वर्षं झाली तरी 'नवीच'. तिने बिचारीने खरंच चालवला. वर कपात चहाच्या आधी दूध ओतायला लागली, हेस्टरबाईंच्या राज्यात गुन्हाच तो!

"युझर्प!" घरी परतलेल्या हेस्टरबाईंनी या प्रकाराला शब्द विचारला, तेव्हा क्लेम पेपरमागून म्हणाला. क्लेम म्हणजे हेस्टरबाईंचा नवरा, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेला. "हक्क नसताना दुसऱ्याची गादी बळकावणं. पण हा शब्द मुकुटाला वापरतात गं, सिंहासनाला. चहाला नाही."

"का? चहाला काय धाड भरलीय?"

"आणि तूच दिलास म्हटल्यावर ते बळकावणं कसलं?"

"मी दिला नाही! मी सभ्यपणे बोलले!" हेस्टरबाई कडाडल्या. "आता बघच तू. भाजीपाल्याच्या प्रदर्शनात बंब परत घेते की नाही."

प्रदर्शनाच्या दिवशी त्या लाल हॅट घालून, काठी आपटत सभागृहात शिरल्या. चहाची रांग दारापर्यंत आलेली. हेस्टरबाई रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. सरळ पुढे गेल्या. रांग सोडून पुढे! भोपळ्याचं बक्षीस मिरवणारे कर्नल पिंफ्री मटकन खुर्चीत बसले.

"मिसेस स्टॉट," हेस्टरबाई गरजल्या, "हा बंब तुम्ही युझर्प केलाय!"

प्रुनेलाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "केलाय ना? मग घ्या हो, घ्या परत! कधीची वाट बघतेय कोणीतरी बळकावील म्हणून! मला तर चहा आवडतसुद्धा नाही." तिने ॲप्रन काढून हेस्टरबाईंच्या गळ्यात घातला आणि कोट घ्यायला पळाली.

"अहो, थोडं तरी भांडा! मी आठवडाभर भाषण पाठ केलंय!"

पण प्रुनेला गेली होती. हेस्टरबाईंनी ऐटीत तोटी सोडली, मोठी चहादाणी काठोकाठ भरली आणि उचलायला गेल्या. उचलेना. एका हातात काठी. काठी सोडावी तर पाय लटपटतात. पुन्हा जोर लावला. टेबल नुसतं हललं. रांगेतल्या झाडून सगळ्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली. कोणीतरी हवेबद्दल बोललं. हेस्टरबाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. डोळे भरून आले आणि हॅट पुढे ओढायलाही हात मोकळा नव्हता.

प्रुनेलाने दारातून ते पाहिलं. कोटाची एक बाही घातलेली, एक लोंबतेय, तशीच ती परत आली.

"हेस्टर," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "घरी गेले तर आमचे हे गाजरांच्या गप्पांनी माझा जीव घेतील. मला इथेच राहू दे ना. चहादाणी मी धरते. हुकूम तुझा."

हेस्टरबाईंनी चहादाणी तिच्याकडे सरकवली. "राहा," त्या म्हणाल्या. "पण दूध नंतर."

"दूध नंतर," प्रुनेला म्हणाली आणि सवयीने पहिल्याच कपात दूध आधी ओतलं.

रांगेतल्या क्लेमने डोळे मिटून घेतले. हेस्टरबाईंनी त्या कपाकडे पाहिलं, प्रुनेलाकडे पाहिलं, कप पुढे ओढून त्यात चहा ओतून घेतला आणि सगळ्यांदेखत स्वतःच पिऊन टाकला.

चांगला झाला होता. पण हे त्या मरेपर्यंत कोणाला सांगायच्या नाहीत.