पिंपळाला बांधलेला दोर

मित्रांनो, वसईच्या किल्ल्यात खाडीच्या अंगाला एक पोट सुटलेला बुरूज दिसतो ना, तो मी. वय विचाराल तर चारशेच्या पुढे. नक्की आकडा सांगत नाही, कारण म्हातारी माणसं पाच वर्षं वाढवून सांगतात आणि म्हातारे दगड पन्नास.

मला बांधलं ते स्वप्नासारखं आठवतं. भरतीबरोबर होड्या यायच्या, काळा दगड उतरायचा. चुन्याची घाणी दिवसभर घरघरायची आणि तिच्या तालावर मला डुलकी लागायची. पाथरवट दगडाला दगड असा भिडवायचे की मध्ये पान सरकू नये. मुकादम समोर असला की ओळंबा सरळ, तो जेवायला गेला की थोडा कललेला. माझं पोट अशाच एका दुपारचं आहे.

मग माझ्यावर तोफ आली. सीमेवर उभं राहायचं आणि पलीकडे बघायचं, एवढंच काम. धनी बदलला की शत्रूही बदलायचा. माझी दिशा मात्र तीच. आधी एका भाषेतल्या शिव्या ऐकल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पहाऱ्यावरच्या शिपायाची जांभई मात्र सगळ्या भाषांत सारखीच असते. पुढे तोफ गेली, शिपाई गेले. धुक्याच्या सकाळी अजून वाटतं, खाडीत शिडं उभी आहेत. ऊन चढलं की ती विरघळतात.

आता लोक मला बघायला येतात. म्हणजे स्वतःला बघायला येतात, मी मागे असतो. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात. फोटोवाला ओरडला, की नवरी माझ्याकडे टेकते आणि नवरदेव पोट आत घेतो. मला ते जमत नाही. काही जण खिळ्याने दोघांची नावं कोरतात. माझ्या पाहण्यात, कोरणारा बहुधा एकटाच आलेला असतो.

मधल्या ओसाड काळात माझ्या भेगेत एक बी पडलं. कुणी टाकलं ते मला ठाऊक आहे, पण आता त्या कावळ्याचं नाव घेऊन काय उपयोग? त्याचा पिंपळ झाला. मूळ चुन्यात शिरलं, दोन दगडांच्या मधून वळलं, पार पोटात उतरलं. मला दुखायचं. पण भर दुपारी त्याची पानं सळसळली की वाटायचं, कुणी शीड सोडतंय. त्याने मला फोडलं, आणि फुटलेलं धरूनही ठेवलं.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी, चर्चमधली पहिली मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, आटपून, गास गावची आठ-दहा माणसं किल्ला साफ करायला आली. पुढारी शॅनन. ती ऑफिसात नोकरी करते, म्हणून हातात कागद: गवत कापायची आणि कचरा वेचायची परवानगी. तिच्यामागे कोयता घेऊन तिचे वडील व्हिन्सेंट, केळी आणि सोनचाफ्याच्या वाडीचे धनी. सगळ्यात शेवटी व्हिन्सेंटची थोरली बहीण उर्सुला. कंबर दुखते म्हणून तिने माझ्या सावलीत चहाचा थर्मास मांडला आणि माझ्या भिंतीला पाठ टेकली. ही सगळी माणसं आपसात घरच्या बोलीत बोलत होती. तुम्हाला कळावं म्हणून मी शाळेच्या मराठीत सांगतो.

अकरापर्यंत गवत निघालं, बाटल्या गोळा झाल्या. व्हिन्सेंटची नजर वर गेली.

"हे झाड भिंत खातंय. काढून टाकू."

"डॅडी, परमिशन फक्त गवताची आहे," शॅनन म्हणाली.

"पिंपळ म्हणजे मोठं गवतच."

"मग वरून कापा ना."

"कापा? वाडीत चाळीस वर्षं काय शिकलो मी? वरून कापलं की दुप्पट फुटतं. मुळासकट ओढायचं, म्हणजे कटकट संपली."

खरं सांगतो, त्यांचं चुकत नव्हतं. वाडीत ते बरोबरच होते. पण मी वाडी नव्हे. माझ्यात माती नाही, नुसता म्हातारा चुना आहे. ते मूळ बाहेर आलं असतं तर माझं पोट घेऊनच आलं असतं. आणि पोटाखाली उर्सुला बसली होती, चहा फुंकत.

त्यांनी खोडाला नायलॉनचा दोर बांधला. सात जण मागे सरले. "हो... हैश!"

माझ्या आत काहीतरी सुटलं. चुन्याची धार लागली. कमरेतला एक दगड चार बोटं पुढे सरकला.

"हललं! मूळ सुटतंय!" व्हिन्सेंट आनंदाने ओरडले. "अजून एक!"

मित्रांनो, तोफेच्या धक्क्यालाही मी कधी देवाचा धावा केला नव्हता. त्या दिवशी केला. कोणत्या देवाचा, ते विचारू नका. जेवढे इथे ऐकले होते तेवढ्या सगळ्यांचा.

उर्सुलाच्या हातातला कप खाली पडला. ती वळली आणि तिने दोन्ही तळहात माझ्यावर टेकवले.

"विन्सू, थांब! झाड नाही हलत. भिंत हलते. माझ्या पाठीला लागलं."

"उर्सुलाबाय, तुझी पाठ रोजच दुखते."

"दुखते, पण रोज सरकत नाही! आपल्या विहिरीतला उंबर कुणी उपटला होता?"

व्हिन्सेंटनी दोरावरची पकड बदलली.

"बोल ना. या पोरांना सांग."

"बाबांनी," ते हळूच म्हणाले. "बैल लावून."

"मग?"

"मग अर्धी विहीर आत गेली."

"आणि बाबा काय म्हणाले होते?"

"मूळ मात्र निघालं म्हणाले."

कुणीतरी हसलं. व्हिन्सेंटना हसू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे, त्या पुढे आलेल्या दगडाकडे, आणि मग बहीण जिथे बसली होती त्या जागेकडे पाहिलं. त्यांनी दोर सोडला. बाकीच्या सहांनीही सोडला.

शॅननने त्याच दिवशी परवानगी देणाऱ्या सरकारी ऑफिसला सगळं लिहून कळवलं, आपली चूकसुद्धा. दोन महिन्यांनी जाणती माणसं आली. त्यांनी पिंपळ भिंतीसरसा कापला, बुंध्याला औषध लावलं, मूळ आतच राहू दिलं. ते आता माझ्यात हळूहळू सुकतंय. दुपारी शिडं ऐकू येत नाहीत. थोडं चुकल्यासारखं वाटतं.

पण मला सांगायचंय ते त्याच रविवारचं. सगळे निघाल्यावर व्हिन्सेंट एकटे परत आले. सरकलेला दगड त्यांनी आत ढकलून पाहिला. तो ढिम्म हलला नाही. मग त्यावर हात ठेवून, इकडेतिकडे बघून, ते त्यांच्या बोलीत म्हणाले, "चुकलो रे बाबा."

चारशे वर्षांत मला सलाम मिळाले, गोळे मिळाले, नावं मिळाली. माफी कुणी मागितली नव्हती. ती कशी घ्यायची ते मला येईना. मी आपला उभा राहिलो.

तर मित्रांनो, किल्ल्यात आलात आणि माझ्या अंगावर काही उगवलेलं दिसलं, तर ओढू नका. मला तुमच्या दंडातली ताकद नको. फाटकापाशी जाऊन पहारेकऱ्याला सांगा. तो जांभई देत असेल, तरी सांगा. दोनदा सांगा.